बायकोला (वय 31) शोग्रेन सिंड्रोम निघाला आहे. डोळे आणि तोंड कोरडं पडण्यापलीकडे यात काय होतं? हा बरा होतो का?

मुळापासून बरा होत नाही, पण सांभाळला तर बहुतेकींचं नोकरी-संसार सगळं चालू राहतं. मी पेशंट आहे, डॉक्टर नाही, त्या बेताने वाचा.

यात आपलीच प्रतिकारशक्ती अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने 1933 साली प्रबंधात 19 स्त्रियांच्या नोंदी दिल्या. त्यातल्या 13 जणींना संधिवातही होता. म्हणजे मामला नुसत्या डोळ्यांचा नाही, हे तेव्हाच दिसलं होतं. तरी आपण डोळ्यांना एक डॉक्टर, दातांना दुसरा, गुडघ्यांना तिसरा असे फिरतो, आणि थकव्याला तर कुणी आजार मानतच नाही. सगळं एकत्र बघणारा रुमॅटॉलॉजिस्ट (संधिवाताचा आणि अशा आजारांचा डॉक्टर) धरा.

डोळ्यांची काळजी सगळेच सांगतील: प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ड्रॉप्स, एसीचा झोत तोंडावर नको. दातांचं मात्र कुणी बोलत नाही. लाळ नसली की दात हिरडीलगत किडतात, तेही भराभर. कोरड घालवायला लिमलेटच्या गोळ्या चघळणं म्हणजे किडीला आमंत्रण. साखर नसलेलं च्युइंगम चालतं. फ्लोराइडची पेस्ट वापरा, दर सहा महिन्यांनी दात दाखवा. भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली की घशाखाली उतरते, कोरडी चपाती-भाजी छळते. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी कोरड वाढते, त्या परस्पर घेऊ देऊ नका. लाळ वाढवायला पायलोकार्पिन देतात. माझी लाळ वाढली, पण घामाने ब्लाउज भिजायचे!

कानाखालची ग्रंथी सुजून तशीच राहिली तर लगेच दाखवा. या आजारात लिम्फोमाचा (लसीका ग्रंथींच्या कॅन्सरचा) धोका इतरांपेक्षा जास्त असतो. बहुतेकींना तो होत नाही, पण अशी गाठ अंगावर काढू नये.

तुम्ही विचारलं नाहीत, पण वय बघून सांगते. मूल हवं असेल तर तिच्या रिपोर्टमध्ये अँटी-रो (रक्तातली एक अँटीबॉडी) पॉझिटिव्ह आहे का बघा. असेल तर सुमारे 1 ते 2 टक्के गरोदरपणांत बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात. म्हणून दिवस राहण्याआधीच रुमॅटॉलॉजिस्ट आणि गायनॅक दोघांशी बोला, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन (या आजारात देतात ती एक गोळी) चालू असेल तर घाबरून स्वतःहून बंद करू नका.