अंत्युखियातली पंगत: ख्रिस्ती धर्म यहुद्यांपासून वेगळा कधी झाला?

इथल्या चर्चेत विचारलेले मूळ प्रश्न दोन आहेत. येशू आणि त्याचे शिष्य यहुदी होते, तर ख्रिस्ती धर्म वेगळा कधी झाला? आणि बहुतेक साधनं चर्चनेच जपलेली असताना इतिहासकारांना हे कळतं तरी कसं? त्यावर एका सदस्याने लिहिलंय की येशूने यहुद्यांचे खाण्यापिण्याचे नियम मोडीत काढले, तिथेच नवा धर्म सुरू झाला, विषय संपला. माझ्या मते विषय तिथे सुरू होतो, म्हणून खाण्यापासूनच सुरुवात करतो.

नवा करार, म्हणजे बायबलचा ख्रिस्ती भाग, छापलेल्या क्रमाने वाचला की फसगत होते. आधी येशूची हकिकत सांगणारी चार शुभवर्तमानं, मग त्याच्या अनुयायांची कथा सांगणारी ‘प्रेषितांची कृत्ये’, आणि मग बिगरयहुद्यांत प्रचार करणाऱ्या पौलाची पत्रं. लिहिली गेली ती मात्र उलटी. पौलाची अस्सल मानली जाणारी पत्रं इ.स. ५० च्या दशकातली आहेत. शुभवर्तमानांपैकी मार्क साधारण ७० च्या आसपासचा, मत्तय आणि लूक त्याच्याही नंतरचे. इतिहासकार आधी पत्रं वाचतो, आणि लगेच चित्र बदलतं.

गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल एक भांडण सांगतो. स्थळ अंत्युखिया, म्हणजे आज तुर्कस्तानात असलेलं अंताक्या. तिथे यहुदी आणि बिगरयहुदी विश्वासणारे एकत्र जेवत. केफा, म्हणजे येशूचा प्रमुख शिष्य पेत्र, आला तोही त्यांच्यात बसू लागला. मग याकोबाकडची, यहुदी नियमांना धरून चालणारी माणसं आली, आणि त्यांच्या धाकाने पेत्र हळूच पंगतीतून उठला. त्याच्यामागोमाग बाकीचे यहुदीही उठले, पौलाचा जोडीदार बर्णबासुद्धा. पौलाने पेत्राला चारचौघांत फैलावर घेतलं. हा याकोब कोणी परका विरोधक नव्हे. तो येशूचा भाऊ आणि येरुशलेमच्या मंडळीचा, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांच्या समुदायाचा, प्रमुख.

येशूने खाण्याचे नियम रद्द केले असते, तर ते पेत्राला सर्वांत आधी ठाऊक असायला हवं होतं, निदान सख्ख्या भावाला तरी. पौलाच्या हाती तर हुकमाचा एक्का असता. ‘प्रभूनेच सांगितलंय’ एवढं म्हटलं की वाद खल्लास. पण तो तसं म्हणत नाही. यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याच्यापासून सुरुवात करून लांबलचक युक्तिवाद करतो. येशूचं वचन हाताशी असेल तेव्हा तो ते वापरतो: घटस्फोटाबद्दल करिंथच्या मंडळीला लिहिताना ‘हे मी नाही, प्रभू सांगतो’ असं त्याने बजावलंय. रोमकरांस पत्रातलं ‘प्रभू येशूमध्ये मला ठाऊक आहे’ हे वाक्य काही जण पुढे करतात, पण तिथेही येशूचे शब्द म्हणून तो काही उद्धृत करत नाही. कृत्यांच्या दहाव्या अध्यायातला पेत्र तर म्हणतो की मी निषिद्ध किंवा अशुद्ध असं कधीच काही खाल्लेलं नाही. इतका काळ येशूबरोबर हिंडलेला माणूस हे म्हणतोय!

मग मार्कच्या सातव्या अध्यायाचं काय? वाद हात न धुता जेवण्याचा आहे. बाहेरून आत जाणारं काही माणसाला अपवित्र करत नाही, असं येशू म्हणतो, आणि लगेच मार्क स्वतःचं वाक्य जोडतो की अशा रीतीने त्याने सगळं अन्न शुद्ध ठरवलं. हीच हकिकत मत्तयाने पंधराव्या अध्यायात घेतली आणि ते वाक्य गाळलं. त्याचा शेवट असा: न धुतलेल्या हातांनी जेवल्याने माणूस अपवित्र होत नाही. म्हणजे मत्तयाच्या लेखी वाद हात धुण्यापुरता आहे, डुकराच्या मांसाचा नाही. मार्कने यहुदी लोक हात कसे धुतात याचं वाचकांना स्पष्टीकरणही दिलंय. मत्तयाने तेही काढलं, बहुधा त्याच्या वाचकांना ते शिकवायची गरज नव्हती. दोन्ही अध्याय शेजारी ठेवा, दोन मंडळ्यांमधला फरक दिसेल.

पौलाने ही भांडणाची गोष्ट रचली असेल का? दोन बडे प्रेषित जाहीरपणे भांडले ही नंतरच्या चर्चला इतकी अडचणीची बाब होती, की हे भांडण लुटुपुटीचं होतं असं चर्चमधला विद्वान जेरोम याने म्हटलं आणि त्यावर ऑगस्टिन या दुसऱ्या विद्वानाने त्याच्याशी पत्रांतून वाद घातला. कृत्यांच्या लेखकाने तर हे भांडण गाळूनच टाकलंय. पौल आणि बर्णबा वेगळे झाले हे तो सांगतो, पण कारण देतो योहान मार्कला सोबत न्यायचं की नाही हे! भांडण कोण जिंकलं हे पौल लिहीत नाही. तो जिंकला असता तर लिहिल्याशिवाय राहिला नसता, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं आणि मलाही.

आता चर्चच्या हाती नसलेला पुरावा. १९४७ च्या सुमारास मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांमध्ये प्राचीन यहुदी लेखांच्या गुंडाळ्या सापडू लागल्या. त्यांतल्या चौथ्या गुहेतल्या एका लेखाच्या सहा तुटक प्रती मिळाल्या. तो रीतसर प्रसिद्ध व्हायला १९९४ उजाडलं. शुद्ध भांड्यातून अशुद्ध भांड्यात पाणी ओतलं तर विटाळ धारेवरून वर चढतो का? (लेखाचं म्हणणं, चढतो.) कुत्र्यांना येरुशलेमात येऊ द्यायचं का? (नाही, ती पवित्र मांसाची हाडं चघळतात.) असे वीसेक मुद्दे मांडून लेखक त्यांना ‘नियमशास्त्राची कृत्ये’ (म्हणजे यहुदी धर्मनियमांचं पालन) म्हणतो आणि ती पाळलीत तर ते तुम्हाला नीतिमत्त्व म्हणून, म्हणजे देवापुढे योग्य ठरणं म्हणून, गणलं जाईल असं सांगतो. अंत्युखियाचं भांडण सांगून झाल्याबरोबर पौल हेच दोन शब्दप्रयोग हाती घेतो आणि उलट निष्कर्ष काढतो. त्याचा निष्कर्ष कितीही वेगळा असो, वाद घालायची भाषा यहुदी पंथांच्या आपसातल्या भाऊबंदकीची आहे.

जमिनीतूनही हेच निघतं. येरुशलेमात आणि येशूच्या गालील प्रांतात पहिल्या शतकाच्या थरांत मऊ चुनखडीची कोरलेली भांडी सापडतात, कारण दगडाला विटाळ होत नाही असं मानलं जाई. योहानाच्या शुभवर्तमानात काना गावच्या लग्नात शुद्धीकरणासाठी ठेवलेले सहा दगडी रांजण आहेत, ते याच जातीचे. येशूच्या आसपासचं जग नियम पाळणारं होतं आणि ते कसे पाळायचे यावर हमरीतुमरीवर येणारं होतं.

पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस याचं थोडं जपून घ्यावं लागतं, कारण त्याचे ग्रंथही ख्रिस्ती नकलाकारांनीच टिकवले. येशूवरचा त्याचा प्रसिद्ध परिच्छेद आज आहे तसा त्याचा नाही, त्यात नंतर भर पडलीय. पण यहुद्यांच्या इतिहासाच्या वीसाव्या पुस्तकात तो जाता जाता सांगतो की इ.स. ६२ मध्ये मुख्य याजक हनानने ‘ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ’ याकोब याला दगडमार करवला, आणि नियमशास्त्राबाबत काटेकोर असलेल्या लोकांना ते रुचलं नाही. यात ख्रिस्ती नकलाकाराच्या फायद्याचं काही नाही, म्हणून बहुतेक जण ते अस्सल धरतात.

अभ्यासकांचे पूर्वग्रह हा स्वतंत्र विषय आहे. १९३९ मध्ये जर्मनीत आयझेनाख इथे चर्चमधला यहुदी प्रभाव पुसून काढायला चक्क एक संस्था निघाली. तिचा सूत्रधार वॉल्टर ग्रुंडमान हा येना विद्यापीठातला प्राध्यापक. येशू यहुदी नव्हताच असं दाखवायचा त्याचा आटापिटा होता. हे टोक झालं. पण सभ्य वाटणाऱ्या पद्धतीतही खोट होती. १९५३ पासून गाजलेल्या एका कसोटीनुसार जे यहुदी परंपरेतही नाही आणि नंतरच्या चर्चमध्येही नाही, तेवढंच खात्रीने येशूचं मानायचं. त्यातून निघणारा येशू यहुद्यांहून वेगळाच निघणार, कारण चाळणीच तशी विणलेली! १९७० च्या दशकात गेझा व्हर्मेश आणि ई. पी. सँडर्स या अभ्यासकांनी यहुदी साधनं त्यांच्याच अंगाने वाचली आणि ही दिशा फिरवली. तरी एक पथ्य: मिश्ना, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या नियमांचा संग्रह, इ.स. २०० च्या सुमाराची आहे. तिच्यातलं वाक्य उचलून ‘येशूच्या काळी परूशी (एक यहुदी पंथ) असं मानत’ म्हणता येत नाही.

आता ‘कधी’. एक तारीख मागू नका. इ.स. ७० मध्ये येरुशलेमचं मंदिर पडल्यावर रोमने यहुद्यांवर वेगळा कर बसवला आणि कोण यहुदी हा प्रश्न सरकारदरबारी गेला. इ.स. ११२ च्या सुमारास रोमन सुभेदार प्लिनी सम्राटाला ख्रिस्ती लोकांबद्दल लिहितो, तेव्हा पत्रात यहुद्यांचं नावही नाही, म्हणजे त्याच्या प्रांतात तरी वेगळी ओळख झाली होती. डिडाखे या जुन्या ख्रिस्ती नियमपुस्तिकेत बजावलंय की ढोंगी लोक (रोख यहुद्यांवर) सोमवारी आणि गुरुवारी उपास करतात, तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. उपास सुटलेला नाही, फक्त वार बदललाय. बाहेरच्यांच्या नजरेत ओळख ठरते ती अशाच गोष्टींनी. कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांना गाव ‘शनिवार तेली’ म्हणे, ते शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून.

आणि ३८६ साली, चर्चच्या मोठ्या निकाया परिषदेला साठ वर्षं उलटल्यावरही, योहान क्रिसोस्तोम हा ख्रिस्ती धर्मगुरू प्रवचनांत तळतळाट करतोय की आपले लोक यहुद्यांच्या सणांना सभास्थानात जातात, त्यांच्याबरोबर उपास धरतात, आणि तिथली शपथ जास्त कडक म्हणून शपथ घ्यायलाही तिथेच धावतात. लोक जात होते, म्हणूनच तो ओरडत होता. प्रवचनकाराची तक्रार हा इतिहासकाराला फार कामाचा पुरावा असतो.

जाता जाता, एकाने याकोबाच्या दगडी अस्थिपेटीचा दाखला दिलाय. ती २००२ मध्ये उजेडात आली, पण उत्खननातून नव्हे, जुन्या वस्तूंच्या बाजारातून. ‘येशूचा भाऊ’ हे शब्द नंतर कोरलेत असा आरोप झाला, खटला चालला, आणि २०१२ मध्ये मालक बनावटगिरीच्या आरोपातून सुटला. त्यामुळे कोरीव लेख खरा ठरत नाही, हे निकालातच म्हटलंय. या चर्चेत तिला बाजूलाच ठेवा.