मोनिएझियाचे स्नायू आणि मज्जातंतू : एएफएमधला जुना नमुना चालेल का?

तुम्ही विचारलंय की विभागातल्या बरण्यांमध्ये एएफएत (अल्कोहोल, फॉर्मलिन आणि अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडच्या मिश्रणात) स्थिर केलेले, ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवलेले शेळ्यांचे मोनिएझिया (आतड्यातले फीतकृमी) आहेत. कॉन्फोकल (जाड नमुन्याचा एकेक थर स्पष्ट दाखवणारा मायक्रोस्कोप) हाताशी नाही. तर फॅलॉइडिनने (स्नायूंतल्या अ‍ॅक्टिन या प्रथिनाला चिकटणाऱ्या द्रव्याने) स्नायू आणि सोबत मज्जातंतू दिसतील का. त्या नमुन्यांवर नाही. बोरॅक्स कार्मिनने रंगवून जात ओळखायला ते उत्तम आहेत. पण फॅलॉइडिन अ‍ॅक्टिनच्या अखंड तंतूंनाच चिकटतं आणि अल्कोहोलने त्या तंतूंची घडण बिघडते. त्यामुळे पुढेही अल्कोहोलच्या पायऱ्या, झायलीन, डीपीएक्स (कव्हरस्लिप कायमची बसवायचा चिकट पदार्थ) काहीच नको. बाजारच्या फॉर्मलिनमध्येही बहुधा मिथेनॉल मिसळलेलं असतं, म्हणून पॅराफॉर्मल्डिहाइडची पूड घेऊन ४ टक्के द्रावण ताजं करा (६० अंशांपर्यंत गरम, सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब, निवल्यावर पीएच ७.४). हे काम फ्यूम हूडमध्येच.

ताजा नमुना कत्तलखान्यातूनच आणावा लागेल. ०.८५ टक्के सलाइन ३७ ते ३९ अंशांवर थर्मासमध्ये न्या. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये आतडं उघड्यावर तासभर राहिलं तरी कृमी कुजायला लागतो. उलट बर्फात टाकला तर आखडून गाठ होतो, आणि आखडलेल्या स्नायूंत कुठला थर कुठे ते कळत नाही. नळाच्या पाण्यात धुवायचा मोह टाळा, कृमीच्या त्वचेवर फोड येतात.

स्कोलेक्स (कृमीचं डोकं) आणि मानेजवळचे काही खंड कापा. स्लाइड-कव्हरस्लिपमध्ये हलके दाबून १० मिनिटं स्थिर करा, मग सोडवून ४ अंशांवर ४ तास. जास्त दाबलं तर स्नायूंचे थर एकमेकांत मिसळतात. ०.१ टक्के ट्रायटन एक्स-१०० घातलेल्या फॉस्फेट बफर सलाइनने रात्रभर धुवा. फॅलॉइडिन-टीआरआयटीसी (लाल चमकणारा रंग जोडलेलं फॅलॉइडिन) २०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, अंधारात, ४ अंशांवर रात्रभर. ग्लिसरॉल आणि बफर ९:१ मध्ये बसवा. फॅलॉइडिन विषारी आहे, हातमोजे हवेतच.

मज्जातंतूंसाठी प्रतिपिंडं महाग आहेत, म्हणून मी आधी कोलिनएस्टरेजची (मज्जातंतूंतल्या एका विकराची) रंगक्रिया सुचवेन. साधा मायक्रोस्कोप पुरतो. कार्नोव्हस्की-रूट्सच्या १९६४ च्या पद्धतीत ५ मिग्रॅ अ‍ॅसिटिलथायोकोलिन आयोडाइड ६.५ मिलि मॅलिएट बफरमध्ये (०.१ मोलर, पीएच ६) विरघळवा. मग क्रमाने ०.१ मोलर सोडियम सायट्रेट ०.५ मिलि, ३० मिलिमोलर कॉपर सल्फेट १ मिलि, पाणी १ मिलि आणि शेवटी ५ मिलिमोलर पोटॅशियम फेरिसायनाइड १ मिलि. द्रावण स्वच्छ हिरवट दिसलं पाहिजे. गढूळ झालं तर बहुतेक क्रम चुकला. नमुन्यात फॉस्फेट राहिला तरी तांब्याचा साका बसतो, म्हणून आधी मॅलिएट बफरने नीट धुवा. रंग येताना मायक्रोस्कोपखाली पाहत राहा. मेंदूच्या गाठी आणि लांबीच्या मुख्य दोऱ्या तपकिरी होतात, आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या दोऱ्या दिसेपर्यंत थांबा. एक तुकडा आधी ३० मिनिटं एसेरिनमध्ये (कोलिनएस्टरेज बंद पाडणाऱ्या द्रव्यात) ठेवा आणि रंगाच्या द्रावणातही एसेरिन घाला. तोही रंगला तर तो रंग कोलिनएस्टरेजचा नाही. हा तुकडा न ठेवता काढलेल्या चित्रावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

पैसे जमले की सेरोटोनिनचं (मज्जातंतूंतल्या एका संदेशवाहक रेणूचं) प्रतिपिंड घ्या. मोनिएझियावर हे काम करण्यात अर्थ आहे: चपट्या कृमींतलं पहिलं न्यूरोपेप्टाइड (मज्जातंतूंतलं संदेशवाहक छोटं प्रथिन), न्यूरोपेप्टाइड एफ, १९९१ मध्ये मोनिएझिया एक्सपान्सातूनच मिळालं. प्राथमिक प्रतिपिंड दोन-तीन दिवस ४ अंशांवर लागतं. जंतू वाढू नयेत म्हणून ०.१ टक्के सोडियम अझाइड घातल्याशिवाय ठेवू नका, वीज गेली की फ्रीज कोमट होतो. मोठ्या खंडांत पीतक ग्रंथी आणि अंडी आपोआप हिरवट चमकतात, म्हणून मज्जातंतूंसाठी हिरवा रंग निवडू नका.

कॉन्फोकलशिवाय जाड खंड धूसरच दिसेल. त्यापेक्षा पाझर तलावातल्या इंडोप्लॅनॉर्बिस गोगलगायी आणा, क्लोरीन नसलेल्या पाण्यात उजेडाखाली ठेवा आणि बाहेर पडलेल्या सर्केरियांवर (मोनिएझियाच्या नव्हे, पर्णकृमींच्या पोहणाऱ्या अळ्यांवर) हीच रंगक्रिया करा. अख्खी मज्जासंस्था एकाच दृश्यक्षेत्रात येते. शेपटी सहज गळते, म्हणून रुंद तोंडाचा ड्रॉपर वापरा. या गोगलगायींतून शिस्टोसोमाच्या (रक्तात राहणाऱ्या पर्णकृमीच्या) सर्केरियाही निघतात, त्या त्वचेत घुसून खाज आणतात. त्या पाण्यात उघडा हात घालू नका.