जाताना आठ तास, येताना सात, असं का?

प्रश्न: लंडन-न्यूयॉर्क अंतर दोन्हीकडून सारखंच ना, मग विमानाला न्यूयॉर्कला जाताना जास्त वेळ का लागतो? पृथ्वी फिरते म्हणून का?

उत्तर: नाही, पृथ्वीसोबत हवाही फिरते. अंतर साधारण ५,५५० किमीच, पण दहाएक किमी उंचीवर जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात तर ताशी २०० किमीच्याही वर जातो, म्हणून जाताना तो समोरून येतो आणि आठेक तास लागतात, येताना मागून ढकलतो म्हणून सात किंवा कमीच. फेब्रुवारी २०२० मध्ये एक प्रवासी विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं, कमालच! आणि हो, तिकिटावरच्या वेळांची नुसती वजाबाकी करू नका, त्या स्थानिक असतात, बहुतेक वर्षभर ५ तासांचा फरक धरा.