ओएसपीएफचा नेबर एक्सस्टार्टच्या पुढे सरकत नाही, इंटरफेसवर काय तपासू?

तुम्ही लिहिलंय की दोन सिस्को राउटर थेट जोडलेत, एरिया ० आहे, हॅलो (शेजाऱ्याला हाक मारण्याचा टाइमर) १० सेकंद आणि डेड (हाक आली नाही तर शेजारी गेला असं धरण्याचा टाइमर) ४० सेकंद दोन्हीकडे सारखे आहेत, पिंग जातोय, तरी ओएसपीएफचा (राउटरांनी एकमेकांना रस्ते कळवण्याचा प्रोटोकॉल) नेबर, म्हणजे शेजारचा राउटर, एक्सस्टार्टवरच, म्हणजे डेटाबेसची देवाणघेवाण सुरू होण्याच्या पायरीवरच, अडकलाय. मग टाइमरचा नाद सोडा. हॅलो, डेड, एरिया किंवा ऑथेंटिकेशन यातलं काही जुळत नसतं, तर गाडी इथवर आलीच नसती. बहुतेक वेळा इथे गुन्हेगार एकच असतो, एमटीयू, म्हणजे इंटरफेसवरून जाणाऱ्या एका पॅकेटचा कमाल आकार.

मीही यात एक अख्खी रात्र घालवलीय. एका टोकाला राउटर, दुसऱ्या टोकाला जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी पॅकेट) चालू असलेला कोअर स्विच. इकडे एमटीयू १५०० बाइट, तिकडे ९०००. मी तीनदा हॅलो टाइमर बदलले, प्रोसेस क्लिअर केली, केबलसुद्धा बदलून पाहिली. शेवटी डीबग आयपी ओएसपीएफ ॲडजेसन्सी लावलं, तर राउटर सरळ सांगत होता की शेजाऱ्याचा एमटीयू माझ्यापेक्षा मोठा आहे. डेटाबेस डिस्क्रिप्शनच्या (आपल्याकडे काय माहिती आहे त्याची यादी) पॅकेटमध्ये प्रत्येक राउटर आपला एमटीयू लिहितो, आणि समोरचा आकडा आपल्यापेक्षा मोठा असला की ते पॅकेट टाकून देतो. साधा पिंग १०० बाइटचा, त्याला यातलं काहीच कळत नाही.

तेव्हा दोन्हीकडे शो आयपी इंटरफेस चालवा, एमटीयूची ओळ बघा आणि आकडा सारखा करा. मध्ये जीआरई टनेल (एक पॅकेट दुसऱ्यात गुंडाळून नेणारी वाट) असेल तर तिथे सहसा १४७६ दिसेल, कारण २४ बाइट वरच्या हेडरमध्येच जातात. आयपी ओएसपीएफ एमटीयू-इग्नोर ही कमांड कुणीतरी सुचवेलच. तिने नेबर फुल (देवाणघेवाण पूर्ण झालेला) होतो, पण दुखणं तसंच राहतं. पुढे रूट वाढले, अपडेटची पॅकेट मोठी झाली की ती वाटेत पडायला लागतात आणि तुम्ही पुन्हा रात्री जागता.

इंटरफेसमध्ये शिरलाच आहात तर नेटवर्क टाइपही बघून घ्या. इथरनेटवर डिफॉल्ट ब्रॉडकास्ट असतो, म्हणजे दोनच राउटर असले तरी डीआर-बीडीआरची (सगळ्यांच्या वतीने माहिती वाटणारा मुख्य राउटर आणि त्याचा राखीव) निवडणूक होते आणि लिंक वर आल्यावर त्यापायी ४० सेकंदांपर्यंत थांबावं लागतं. दोघांमधल्या लिंकवर मी डोळे झाकून पॉइंट-टू-पॉइंट लावतो. फक्त दोन्ही टोकांना एकाच वेळी लावा. एकीकडे ब्रॉडकास्ट, दुसरीकडे पॉइंट-टू-पॉइंट राहिलं तर टाइमर सारखेच असल्यामुळे नेबर फुल दाखवतो आणि राउटिंग टेबलात एकही रूट येत नाही. एक्सस्टार्ट निदान अडकलोय असं सांगतो, हा प्रकार तेवढंही सांगत नाही.

स्विचवर चार-पाच राउटर एकत्र असतील तर डीआर कोण हे नशिबावर सोडू नका. जो दमदार आहे त्याची प्रायॉरिटी वाढवा, ज्याला अजिबात करायचं नाही त्याला ० द्या. मात्र एकदा खुर्चीवर बसलेला डीआर तुम्ही आकडा वाढवला म्हणून उठत नाही, प्रोसेस क्लिअर करावी लागते. आणि बाकीचे आपसात टू-वे (ओळख झाली, पण थेट देवाणघेवाण नाही) दिसले तर घाबरू नका, ते तसंच असतं.

कॉस्टचं (रस्ता निवडताना लिंकला मिळणारा आकडा) थोडक्यात: कॉस्ट म्हणजे रेफरन्स भागिले लिंकचा वेग, पण १ पेक्षा कमी नाही, आणि डिफॉल्ट रेफरन्स १०० एमबीपीएसचा आहे, म्हणून १०० एमबीपीएस, १ जीबीपीएस आणि १० जीबीपीएस तिन्हींची कॉस्ट १ निघते. ऑटो-कॉस्ट रेफरन्स-बँडविड्थ वाढवा, पण सगळ्या राउटरवर एकच आकडा ठेवा. युजरच्या बाजूच्या इंटरफेसला पॅसिव्ह करा, म्हणजे तिथे हॅलो जाणार नाहीत.

एमटीयू जुळवूनही अडकलंच, तर दोन्हीकडचं शो आयपी ओएसपीएफ इंटरफेसचं आउटपुट इथे टाका. एकाच बाजूचं नको, भांडण दोघांचं आहे.