वाचक विचारतात : कासवाला अँटिबायोटिक देताना

प्रश्न : माझ्याकडे जमिनीवर राहणारे नऊ वर्षांचे कासव आहे. महिनाभर त्याच्या नाकातून पातळ स्राव येत होता, श्वास सोडताना बुडबुडे दिसत आणि खाणे जवळजवळ बंद झाले होते. पशुवैद्यांनी दर तीन दिवसांनी सेफ्टाझिडीमचे एक इंजेक्शन असा क्रम ठरवून दिला. दोन इंजेक्शनांनंतर ते खाऊ लागले, मात्र नाक अजून वाहते. आजारी जिवाला विश्रांती मिळावी म्हणून मी त्याच्या पेटीतला दिवा बंद ठेवला आहे. आपल्याला दिवसातून दोन-तीन वेळा औषध लागते, तर कासवाला इतके कमी कसे पुरते? उरलेली इंजेक्शने टाळून गोळीच खाण्यातून दिली तर चालेल का?

उत्तर : आधी दिवा लावावा, बाकीचे त्यानंतर वाचले तरी चालेल. कासव आपल्या शरीराची ऊब स्वतः निर्माण करत नाही, ती बाहेरून घेते. त्यामुळे त्याची प्रतिकारशक्ती, त्याचे पचन आणि औषध शरीरात पसरून मूत्रपिंडावाटे बाहेर पडण्याचा वेग, हे सारे पेटीतील तापमानावर अवलंबून असते. थंड पेटीतल्या कासवाला दिलेले उत्तम औषधही अर्धेच काम करते. आपल्या जातीच्या कासवाला मानवणाऱ्या तापमानाच्या वरच्या टोकाला त्याला उपचाराच्या काळात ठेवावे, परंतु पेटीचा एक कोपरा तुलनेने थंड राहू द्यावा, म्हणजे त्याला स्वतःहून सरकता येईल.

तीन दिवसांच्या अंतराचे उत्तरही याच संथपणात आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या रक्तात सेफ्टाझिडीम बराच काळ परिणामकारक पातळीवर टिकते. हे वेळापत्रक मुळात सुमारे ३० अंश सेल्सिअसला ठेवलेल्या सापांवरील अभ्यासातून आले आणि पुढे कासवांसाठीही वापरात रूढ झाले. त्यामुळे रोज इंजेक्शन दिल्याने आजार लवकर बरा होईल, असे मानण्याचे कारण नाही.

खाऊ लागणे ही चांगली खूण आहे, तरी तेवढ्यावर औषध थांबवू नये. कासवाला आपल्यासारखे श्वासपटल नसते आणि जोरात खोकून कफ बाहेर टाकणे त्याला जमत नाही, म्हणून फुफ्फुसात साचलेला स्राव निघून जायला आठवडे लागतात. गोळीबाबत सांगायचे तर, वनस्पती खाणाऱ्या कासवाचे पचन आतड्यातील जिवाणूंच्या आधाराने चालते आणि तोंडावाटे दिलेले अँटिबायोटिक त्या उपयोगी जिवाणूंनाही मारू शकते. शिवाय अर्धवट खाल्लेल्या पानाबरोबर नेमकी किती मात्रा पोटात गेली, हे कोणालाच सांगता येणार नाही.

नाक मात्र क्रम पूर्ण झाल्यावरही वाहत राहिले, तर औषध कमी पडले असे न समजता ते योग्य लक्ष्यावर होते का, हे विचारावे. कासवांच्या सर्दीमागे अनेकदा मायकोप्लाझ्मा हा जिवाणू असतो. त्याला पेशीभित्तिकाच नसते आणि सेफ्टाझिडीम तर पेशीभित्तिकेवरच घाला घालते. अशा वेळी वेगळ्या गटातील औषध लागते. हर्पीस विषाणूचा संसर्गही असाच दिसतो आणि त्यावर कोणतेच अँटिबायोटिक चालत नाही. म्हणून स्रावाचा नमुना तपासून घ्यावा, असा आग्रह पशुवैद्यांकडे अवश्य धरावा. खरे तर हा नमुना पहिल्या इंजेक्शनाच्या आधी घेणे सर्वांत उपयोगाचे असते.

इंजेक्शन पुढच्या पायातच दिले जाते, हे आपल्या लक्षात आले असेल. कासवाच्या मागच्या भागातील रक्त मूत्रपिंडांतून जाऊ शकते, म्हणून पुढचा पाय अधिक सुरक्षित मानतात. अमिकॅसिनसारखे मूत्रपिंडाला जड जाणारे औषध असेल तर ही काळजी दुप्पट महत्त्वाची. रोज पंधरा-वीस मिनिटे कोमट, उथळ पाण्यात बसवल्यास कासव पाणी पिते आणि मूत्रपिंडांवरील भार हलका होतो. आठवड्यातून दोनदा ग्रॅममध्ये वजन करून लिहून ठेवावे, कारण मात्रा वजनावरच ठरते.

प्रश्न : आमच्या पाणकासवाच्या कानाजवळ टणक गाठ आली आहे. दहा दिवस अँटिबायोटिक देऊनही ती तसूभरही कमी झालेली नाही. औषध बदलावे का?

उत्तर : ती बहुधा कानाच्या पडद्यामागे साठलेल्या पुवाची गाठ आहे. कासवाचा पू आपल्यासारखा वाहता नसतो, तो पनीरासारखा घट्ट होतो; आत रक्तपुरवठा नसल्यामुळे औषध तिथवर पोहोचत नाही. पशुवैद्याने भूल देऊन गाठ उघडावी, घट्ट गोळा पूर्ण काढून पोकळी धुवावी आणि मग अँटिबायोटिक द्यावे, हाच मार्ग आहे. घरी दाबून पाहू नये. अशा गाठीमागे अनेकदा ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा अस्वच्छ पाणी असते, पण म्हणून जीवनसत्त्वाचे इंजेक्शन स्वतःहून देऊ नये; मात्रा जास्त झाल्यास कातडी सोलून निघते.

प्रश्न : निरोगी कासवाच्या विष्ठेत साल्मोनेला आढळला. औषध द्यावे का?

उत्तर : नाही. अनेक निरोगी कासवे हे जिवाणू आयुष्यभर बाळगतात. अँटिबायोटिकने ते समूळ जात नाहीत, उलट औषधाला दाद न देणारे जिवाणू तयार होतात. कासवाला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, त्याची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना त्याच्यापासून दूर ठेवावे.