सव्वादोन रुपये

मालवण,
अक्षय्य तृतीयेचा आदला दिवस

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा दुपारी जेवणानंतर पडवीत, डोळ्यांवर झापड असताना. तेव्हा तो मला फारच पटला. दुसऱ्यांदा सकाळी चहा झाल्यावर, हातात पेन्सिल घेऊन. आता समासात इतक्या खुणा झाल्यात की तो तसाच परत पाठवायची लाज वाटते, म्हणून हे पत्र.

"अतिश्रीमंतांवर नव्वद टक्के आयकर लावा, अर्थव्यवस्था सुधारेल," असं तू लिहिलंस. शिमग्याला तुझा मामा याच्या बरोबर उलटं ओरडत होता, कर कमी करा म्हणजे देश धावेल. तुमचं दोघांचं भांडण ऐकताना मला गंमत वाटत होती. दोघंही दराबद्दल तावातावाने बोलत होतात, वसुलीबद्दल एक अक्षर नाही. मी पन्नास वर्षं लोकांची विवरणपत्रं भरली. माझा सगळा धंदा या दोन शब्दांमधल्या फटीवर चालला.

१९७३ साली मी मुंबईत, फोर्टात एका कर सल्लागाराकडे कारकुनी करत होतो. खुर्ची मोडकी, पंखा साहेबांच्या डोक्यावर. एक दिवस साहेबांनी कागद पुढे टाकला आणि म्हणाले, दोन लाखांच्या वरच्या शंभर रुपयांचा हिशेब कर. इंदिराबाईंनी अर्थखातं स्वतःकडे असताना १९७० च्या अर्थसंकल्पात सर्वांत वरचा दर ८५ टक्के केला होता, आणि पुढचे अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या काळात त्या करावर वरून १५ टक्के कर, म्हणजे अधिभार, होता. पंच्याऐंशी अधिक पावणेतेरा. सत्त्याण्णव रुपये पंचाहत्तर पैसे सरकारचे. मी बेरीज तीनदा केली, कारण मला वाटलं माझंच चुकतंय. उरले सव्वादोन रुपये. संपत्तीकर आणखी वेगळा.

आता एक गोष्ट तुझ्या लेखात सुटली आहे ती इथेच सांगतो. हा दर अख्ख्या उत्पन्नावर नसतो, फक्त वरच्या टप्प्यातल्या रुपयांवर असतो. खालच्या टप्प्यांना खालचे दर. तू लिहिलंस, "कोटी कमावणाऱ्याकडे दहाच लाख उरतील". तसं होत नाही. हे एक वाक्य वाचूनच जाणकार माणूस तुझा लेख बाजूला ठेवील, म्हणून आधी ते काढ.

त्या सव्वादोन रुपयांचं पुढे काय झालं? आमच्याकडे एक अशील यायचे, आपल्याच बाजूचे, मुंबईत लाकडाची वखार. मी त्यांना हिशेब समजावला. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "शंभरातले माका सव्वादोन गावतले, तर मी कित्याक मरूक?" तू म्हणशील, बघा, माणसाने काम सोडलं! नाही गं. वखार तशीच चालू राहिली, उलट वाढली. फक्त अर्ध्या लाकडाची पावती फाटायची बंद झाली. घर घेतलं ते निम्मं चेकने आणि निम्मं पिशवीतून. बायकोच्या नावे एक भागीदारी, मुलांच्या नावे एक विश्वस्त निधी, आणि अविभक्त कुटुंब ही करापुरती आणखी एक व्यक्ती. माणूस पूर्वीइतकाच राबत होता, पण त्याच्या डोक्यातला चांगला भाग आता लाकडाऐवजी लपवण्यात खर्च होत होता. देशाचं नुकसान मोजायचं असेल तर मी ते तिथे मोजेन.

आणि ते नुकसान करण्यात माझाही हात होता. त्याच सद्गृहस्थांनी देवगडकडे एक बाग घेतली. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, तेव्हाही नव्हता, आजही नाही. बागेत कलमं चाळीस. पण कागदावर दाखवलेल्या पेट्या पाहिल्या तर प्रत्येक कलमाने पन्नास पेट्या दिल्या असाव्यात! हापूसचं कलम एका वर्षी धरलं तर पुढच्या वर्षी बहुधा रुसतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ज्या अधिकाऱ्यापुढे तो कागद गेला त्याने बहुधा आंबा फक्त फोडींत पाहिला असावा. मला मात्र कळत होतं. तरीही मी ते आकडे सुबक अक्षरात उतरवले आणि संध्याकाळी गिरगावात भजी खाऊन घरी गेलो.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. माजी सरन्यायाधीश वांछू यांच्या समितीने १९७१ मध्येच लिहून दिलं होतं की इतके चढे दर हेच करचुकवेगिरीचं मोठं कारण आहे, दर अधिभारासह ७५ टक्क्यांवर आणा. ज्या यशवंतरावांच्या काळात दर पावणेअठ्ठ्याण्णवला होता, त्यांनीच १९७४ च्या अर्थसंकल्पात तो ७७ वर आणला. पुढे ६६, मग १९८५ मध्ये ५०, १९९२ मध्ये मनमोहन सिंगांनी ४०, आणि १९९७ मध्ये चिदंबरम यांनी ३०. तुझा मामा यावर टाळी वाजवील. त्याला सांग, १९७० च्या दशकातली मरगळ एकट्या करामुळे नव्हती. ७२ चा दुष्काळ होता, ७३ चा तेलाचा भडका होता, परवाना राज होतं. आणि ९७ नंतर वसुली वाढली त्यात पॅन, उगमस्थानी कपात (टीडीएस) आणि संगणक यांचाही वाटा आहे.

परदेशी उदाहरणांबाबतही असंच सावध राहा. अमेरिकेत १९५० च्या दशकात वरचा दर ९१ टक्के होता आणि देश भरभराटत होता, हे तू लिहिलंस ते खरं आहे. पण भांडवली नफ्यावर तिथे जास्तीत जास्त २५ टक्के लागत होते, सवलतीही भरपूर होत्या, त्यामुळे ९१ प्रत्यक्ष भरणारे मूठभर. मामाचं मत प्रत्यक्षात आणलं की काय होतं, त्याचं उदाहरण अमेरिकेतल्याच कॅन्ससचं. त्या राज्याने २०१२ मध्ये आयकर धाडधाड कापला, वाढीची स्वप्नं दाखवली, तिजोरीला भोक पडलं आणि २०१७ मध्ये विधिमंडळाने ती कपात बहुतांशी मागे घेतली. डायमंड आणि साएझ या दोन अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये सर्वांत वरच्या उत्पन्नावर सगळे कर मिळून ७३ टक्क्यांपर्यंत जाता येईल असं मांडलं. हा आकडा तू ठळक अक्षरात दिलास. त्याच्याच शेजारी त्यांची अट आहे, ती मात्र वगळलीस: पळवाटा बुजवलेल्या हव्यात. अट काढून आकडा ठेवायचा हे आमच्या धंद्यातलं कौशल्य आहे, तू ते शिकू नकोस.

माझं आजोळ राजापूरकडचं, खोतीच्या गावातलं. भाताचा अर्धा वाटा खोताला, म्हणजे गावच्या वतनदाराला, त्याला अर्धेल म्हणत. आजोबांनी पेरणी कधी थांबवली नाही. थांबवून जाणार कुठे? पण त्या जमिनीत त्यांनी एक बांध नीट घातला नाही की एक कलम लावलं नाही. १९४९ च्या कायद्याने खोती गेली आणि माझ्या मामाने पहिली सात कलमं लावली. त्यातली चार अजून धरतात. खोताचा वाटा आणि सरकारचा कर एकच, असं मी म्हणत नाहीये. करातून निदान शाळा उभी राहते. मला दुसराच फरक दाखवायचा आहे. ज्याला पळायला जागा नाही तो भरतो आणि मनातून खचतो. ज्याला जागा आहे तो पळतो. आजोबांना जागा नव्हती. वखारवाल्याला होती. चढा दर नेहमी दुसऱ्यासाठी लिहिला जातो, आणि बसतो तो मधल्याच कुणावर.

तुझ्या लेखात "श्रीमंत" हा शब्द मी मोजला, सतरा वेळा आहे. कोण गं हे? कुडाळात दिवसाला ऐंशी रुग्ण तपासणारी डॉक्टरीण घे. वरच्या टप्प्यात ती ३० टक्के आणि उपकर भरते. कंपनीचा मोठा भागधारक शेअर विकतो. जुलै २०२४ पासून त्याच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर सव्वा लाखाच्या पुढे साडेबारा टक्के, आणि अधिभार-उपकर धरून पंधराच्या आतच. तिसरा आपला बागायतदार, त्याला फळावर शून्य. दोन कोटींवर आयकराच्या नव्या पद्धतीत अधिभार-उपकर धरून ३९ टक्के दर आहे, तो तू ९० केलास तरी या तिघांत पहिल्यांदा डॉक्टरीणच सापडणार. भागधारक म्हणेल, मी या वर्षी विकतच नाही. बागायतदार तर यादीतच नाही.

(मी स्वतः बागायतदार आहे. बावीस कलमं. त्यामुळे हा परिच्छेद लिहिताना हात जरा जड झाला.)

एक गोष्ट तुझ्या अभ्यासक्रमात बहुधा नसेल. कोकण रेल्वे. १९९० मध्ये महामंडळ निघालं तेव्हा अर्थमंत्री होते मधु दंडवते, आपल्या राजापूरचे खासदार, आणि रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस. ७४१ किलोमीटरचा मार्ग. पैसा कुठून आणायचा? मोठा भाग करमुक्त रोख्यांतून आला. आता गणित बघ. आयकराचा वरचा दर तेव्हा पन्नासच्या पुढे होता. त्या टप्प्यातल्या माणसाला दहा रुपये करमुक्त व्याज म्हणजे वीस रुपयांच्या करपात्र व्याजाहून चांगलं. दर चढा होता म्हणून ती सूट गोड लागली. माझ्या दोन अशिलांनी ते रोखे घेतले, कोकणच्या प्रेमाने वगैरे नाही. सरकारने श्रीमंतांकडून कर घेतला नाही, कर्ज घेतलं आणि वर व्याज दिलं. १९९८ च्या प्रजासत्ताक दिनी मार्ग पूर्ण खुला झाला आणि माझी आई वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा बोगद्यातून गेली. आता सांग, यात चढ्या कराने अर्थव्यवस्थेला मदत केली की करसवलतीने? मी यावर बरीच वर्षं विचार करतोय. जे उत्तर सुचेल ते लिहून पाठव, पण एका ओळीत बसलं तर पुन्हा विचार कर.

माझं मत विचारलंस म्हणून. वरचा दर चाळीस-पंचेचाळीसपर्यंत गेला तरी आभाळ कोसळणार नाही. पण त्याआधी शेअरच्या नफ्यावरचा कर पगाराच्या जवळ आणा, मोठ्या शेती-उत्पन्नावर कर बसवा, आणि वारसाकर परत आणा. तो आपल्याकडे होता बरं. १९५३ मध्ये आला, तेव्हा अर्थमंत्री आपल्या रायगडातले चिंतामणराव देशमुख. पुढे त्याचाही दर ८५ टक्क्यांपर्यंत चढवला, वसुली वर्षाला सुमारे २० कोटी आणि कज्जे ढीगभर, म्हणून १९८५ मध्ये बंद झाला. दहा-पंधरा टक्क्यांवर ठेवला असता तर आजही टिकला असता असं मला वाटतं. मामा यावर संतापेल, त्याचं कारण त्याच्या सातबाऱ्यावर आहे.

लहानपणी आचऱ्याच्या किनाऱ्यावर रापण ओढायला जायचो. जाळं वाळूवर आलं की तारले-बांगड्यांचा ढीग, आणि वाटे पडायचे: जाळ्याचा, होडीचा, दोर ओढणाऱ्यांचा. ज्यांना ओढवत नाही अशा म्हाताऱ्यांच्या टोपलीतही काही पडायचं, आणि आम्हा पोरांना मूठभर. वाटे घालणारा म्हातारा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घालायचा. एकदा जाळेवाल्याच्या वाट्यावरून कुरबूर झाली, त्याचा कमी केला, आणि पुढच्या हंगामात फाटलेलं जाळं शिवायला कोणी बसेना. वाटा पुन्हा वाढवला. मग कोणीतरी म्हणालं, दोन मासे त्याने मांडीखाली लपवले. त्या दिवशी जी मारामारी झाली तशी वाटा वाढवताना झाली नव्हती.

लेखात तो प्रसंग हवा तर घे, माझं नाव घालू नकोस. नव्वदचा आकडा काढून टाक, त्या जागी ते तिघे आण, डॉक्टरीण, भागधारक आणि मी. सतरातले चौदा "श्रीमंत" खोड. कॅन्ससचा परिच्छेद घाल, कारण तो तुझ्या बाजूचा आहे आणि तू तो वापरलाच नाहीस.

त्या १९७३ च्या कागदाची कार्बन प्रत माझ्या ट्रंकेत आहे, सव्वादोनखाली साहेबांनी पेन्सिलीने दोन रेघा मारल्यात. मे महिन्यात आलीस की दाखवतो. परवा कोकणकन्येने शेजारचा मुलगा येतोय, त्याच्याबरोबर पाच डझनांची पेटी देतोय. पहाटे दादरला उतरवून घे. फळ अजून कच्चं आहे, गवतातून काढू नकोस, चार दिवस थांब. डेखाजवळ वास सुटला की खा, आणि वरच्या थरातले दोन मामाला दे.

तुझा,
काका