हिशेब मागितला की नम्रता आठवते

ताई, सलाम.

मी मिरजेची. दवाखान्यात सिस्टर आहे, वय ५१. गेल्या निवडणुकीत आमच्या चर्चच्या मंडळीच्या पंचकमिटीवर निवडून आले आणि सेक्रेटरी झाले. या पदावर आमच्याकडे बाई पहिल्यांदाच. रविवारी दार उघडणं, फरशी पुसणं, उपासनेनंतर चहा, मग कप विसळणं, सगळं मीच करते. कुणी सांगितलेलं नाही, सवय लागली. २०१९ च्या पुरात कृष्णाघाटाकडची कुटुंबं आमच्या हॉलमध्ये उतरली होती, तेव्हाही शेगडीपुढे मीच.

यंदा कापणीच्या सणाला वेदीवर वाहिलेल्या वस्तूंच्या लिलावाचा हिशेब मी मीटिंगमध्ये मागितला. आमचे ज्येष्ठ पंच, त्यांना सगळे दादा म्हणतात, हसत म्हणाले, "बाई, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, वही नाही मागितली. सेवकासारखं राहावं, नम्रता ठेवावी." बाकीचे हसले. पाळकसाहेब खाली बघत राहिले. मी चहा आणायला उठले.

आमचे हे म्हणतात, राजीनामा दे. आणखी एक सांगते. मध्यंतरी मला डेंगी झाला, काही रविवार जाता आलं नाही. महिला मंडळानं सगळं व्यवस्थित केलं आणि ते ऐकून मला बरं वाटायच्या ऐवजी वाईट वाटलं. म्हणजे दादा म्हणाले ते खरंच का?

– एक सेक्रेटरी

सलाम, सेक्रेटरीबाई.

दादांनी दाखला चुकीच्या पुस्तकातून दिला. प्रभूनं वही मागितली नाही हे ठीक, पण त्या बारा जणांच्या पैशाची थैली कुणाकडे होती? येशूला पुढे शत्रूंच्या हाती देणाऱ्या यहूदा इस्कर्योताकडे. आणि तो तीत टाकलेलं उचलायचा, हे आपल्या शुभवर्तमानात सांगतो तो योहानच. पाय धुण्याची गोष्टही चारही शुभवर्तमानांत फक्त योहानानंच लिहिली आहे. दादा तसे आहेत असं मी म्हणत नाही, कृपा करून तुम्हीही मनात आणू नका. लिलावाचा हिशेब डायरीच्या सुट्या पानांवर राहून जातो, हे चर्चच्या बाकांवर वाढलेल्या मला नवं नाही. एक नारळ तीनतीनदा विकला जातो, घेणारा परत वेदीवर ठेवतो, कुणी शाळूचं पोतं उधारीवर नेतो, कुणी हळदीचे पैसे पुढच्या रविवारी देतो म्हणतो. घोळ होतो. पण हिशेब विचारणारीला गप्प करायला योहानाचं शुभवर्तमान उघडणं म्हणजे आपणच आपल्या अंगावर ओढवून घेणं.

आता योहानाचा तेरावा अध्याय, पाय धुण्याचा, जरा सावकाश वाचू, कारण भांडण तिथेच आहे.

रस्ते धुळीचे, पायात वहाणा, पाहुण्याचे पाय धुणं हे घरातल्या नोकराचं काम. जेवायला बसलेल्या शिष्यांपैकी कुणी उठलं नाही. लूक तर सांगतो की त्याच जेवणाच्या वेळी त्यांच्यात मोठा कोण यावरून वाद चालला होता. येशू उठला, वरची वस्त्रं काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतलं आणि एकेकाचे पाय धुऊन पुसू लागला. पण त्याच्या आधी योहान एक ओळ लिहितो आणि उपदेशात ती बहुतेक वेळा गाळली जाते: पित्यानं सगळं आपल्या हाती दिलं आहे हे येशूला ठाऊक होतं. ठाऊक असूनच तो उठला. आपण कोण, हे विसरून नव्हे.

आणि शेवट? तोही गाळला जातो. पाय धुऊन झाल्यावर त्यानं वस्त्रं पुन्हा अंगावर घेतली आणि आपल्या जागी परत बसला. मग म्हणाला, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबर आहे, कारण मी तसा आहेच. रुमाल बांधलेला तोच, जागेवर बसून बोलणाराही तोच. तुम्ही गंगाळापर्यंत पोचलात, सेक्रेटरीबाई, पण परत जागेवर येऊन बसला नाहीत. हिशेबाचा विषय निघाला आणि तुम्ही चहा आणायला उठलात. माझ्या मते त्या मीटिंगमध्ये चुकलं ते एवढंच. तुम्हाला निवडून दिलंय ते इतिवृत्त लिहायला, पत्रव्यवहार बघायला, राहिलेले विषय पुढे आणायला. ती सेवाच आहे. कप विसळणं ही सेवा आणि वही मागणं हा उद्धटपणा, अशी वाटणी पवित्र शास्त्रात मला कुठे सापडलेली नाही.

दुसरं, हा उपदेश केला कुणाला ते बघा. मार्काच्या दहाव्या अध्यायात जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान येतात आणि वैभवात उजवी-डावी जागा मागतात. बाकीचे दहा चिडतात. तेव्हा येशू सांगतो की परराष्ट्रीयांचे अधिकारी लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं नसावं, ज्याला मोठं व्हायचंय त्यानं सेवक व्हावं. हे खुर्ची मागणाऱ्यांना सांगितलेलं आहे. मोरीवर कप विसळत बसलेल्या बाईला बोलावून सांगितलेलं नाही. वरच्यानं स्वतःला लावून घ्यायचं वाक्य खालच्याच्या तोंडावर फेकलं की त्याचा अर्थ बरोबर उलटा होतो. हल्ली कंपन्यांच्या शिबिरांतही 'सेवक नेतृत्व' शिकवतात. रॉबर्ट ग्रीनलीफ नावाच्या निवृत्त अमेरिकी अधिकाऱ्यानं १९७० साली निबंध लिहिला, तेव्हापासून ही भाषा उद्योगजगतात पसरली. तिथेही साहेब लोक हा तक्ता भिंतीवर लावतात आणि कारकुनाला वाचायला लावतात, असं माझं निरीक्षण.

आणि नम्र माणूस बोलतच नाही, असंही नाही. त्याच रात्री पुढे प्रमुख याजकासमोर एका शिपायानं येशूच्या थोबाडीत मारली. त्यानं उलट हात उचलला नाही, पण गप्पही बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर दाखव, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असं त्यानं विचारलं.

पैशाचं तर प्रेषित पौलानं अगदी व्यवहारी लिहून ठेवलंय. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा होत होती. ती न्यायच्या कामी त्यानं आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांच्या भरवशाची माणसं जोडून दिली आणि करिंथ शहरातल्या मंडळीला दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात कारण कळवलं की या रकमेवरून आम्हाला कुणी दोष देऊ नये. जे योग्य ते प्रभूच्या नजरेतच नव्हे, माणसांच्या नजरेतही योग्य दिसावं. हा भाग दादांना दाखवा. त्यांनाही त्यात आधार मिळेल, कारण चोख हिशेबाचा पहिला फायदा पैसे सांभाळणाऱ्यालाच होतो.

इथवर मी तुमच्या बाजूनं बोलले. आता डेंगीचं.

तुम्ही नसताना काम नीट झालं आणि तुम्हाला वाईट वाटलं, हे तुम्ही लिहिलंत म्हणून पत्र खरं वाटलं. हो, त्यात अहंकार आहे. मोठा नाही, पण आहे. सगळं मीच करते, हे वाक्य तुमच्या छोट्याशा पत्रात वेगवेगळ्या रूपात दोनदा आलंय. पाय धुण्याच्या वेळचा शिष्य पेत्र आठवा. तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत, असं तो ठणकावून म्हणाला. ऐकायला केवढं नम्र! आणि येशूनं ते चालवून घेतलं नाही. दुसऱ्यानं आपल्यासाठी काही करू देणं हे आपण करत राहण्यापेक्षा अवघड असतं. वॉर्डात जन्म गेलेल्या सिस्टरला हे मी काय सांगू? स्वतः खाटेवर पडल्यावर सर्वांत हट्टी पेशंट सिस्टरच असते म्हणतात.

यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतही असाच पेच आला होता. रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली. प्रेषितांनी त्यांना नम्रता शिकवली नाही. तक्रार खरी मानली, आणि पंगतीचं कामही स्वतःच्या गळ्यात घेतलं नाही. सात माणसं निवडायला लावली आणि काम त्यांच्यावर सोपवलं. पुढे हुतात्मा झालेला स्तेफन त्यातलाच. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय काढून वाचा, दोन्ही औषधं एकाच बाटलीत आहेत.

साताऱ्याची एक आठवण द्यावीशी वाटते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे त्यात एकत्र. मोठा त्याग होता. पण टिळक आयुष्यभर हातात येईल ते वाटून मोकळे होणारे, आणि उद्या चूल कशी पेटायची ही चिंता त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची. त्यांची 'स्मृतिचित्रे' तुमच्या घरात असतील. त्यात माणसांसाठी राबणारी बाई दिसते आणि नवऱ्याच्या तोंडावर बोलणारीही. ती कमी नम्र होती असं मला तरी कधी वाटलं नाही.

आता करायचं काय. आधी दादांना एकटं गाठा. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रमच दिलाय: प्रथम एकांतात, नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन, तरीही नाही तर मंडळीपुढे. त्यांनी तुम्हाला चारचौघांत बोललं म्हणून तुम्हीही चारचौघांत बोलायचं, असं करू नका. घरी जा. म्हणा, "दादा, त्या दिवशी मला लागलं. हिशेब मी तुमच्यावर संशय म्हणून नाही मागितला, सेक्रेटरी म्हणून मागितला. पानं द्या, आपण दोघं बसून वहीत उतरवू, खजिनदारांनाही बोलवू." त्यांचं वय बघता चष्मा, विसरभोळेपणा आणि मान असे तिन्ही अडथळे असू शकतात. मदतीला जाताय तशाच जा.

ऐकलं नाही, तर पाळकसाहेबांना आणि खजिनदारांना घेऊन जा. खाली बघत बसलेल्या पाळकसाहेबांना वर बघायची एक संधी मिळायला हवी. तरीही नाही झालं, तर पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेत लेखी विषय टाका. त्यावर दादांचं नाव घालू नका, 'कापणीच्या सणाचा जमाखर्च' एवढंच पुरे. आणि चहा-साखरेवर तुमच्या हातून मंडळीचा जो पैसा खर्च होतो, त्याच्या पावत्या सगळ्यांच्या आधी तुम्ही ठेवा.

चहाची पाळी लावा, पंचांची नावं घालून. दादांनाही घाला, पण पहिल्याच रविवारी नको, तो सूड दिसेल. तुमची पाळी महिन्यातून एकदाच ठेवा, आणि दुसऱ्यानं कप अर्धवट विसळले तर पुन्हा विसळायला जाऊ नका. हे तुम्हाला हिशेबाच्या भांडणापेक्षा जड जाईल.

राजीनाम्याचं म्हणाल, तर आत्ता नको. यजमानांची तळमळ कळते, पण आज उठून गेलात तर हिशेब राहील तसाच आणि पुढच्या बाईला कुणी उभं करणार नाही. मुदत संपेपर्यंत थांबा. तेव्हा सोडावंसं वाटलं तर खुशाल सोडा, फक्त वह्या पुऱ्या करून, सह्या घेऊन, नव्या सेक्रेटरीच्या हातात देऊन.